सुगेंगच्या नावाचं पुण्य

बॅनर छापून आला त्याच दिवशी मला कळायला हवं होतं की हे प्रकरण आता आपल्या हातात राहिलेलं नाही. चांगला लांबरुंद, निळा बॅनर, आणि त्यावर नथूबाबांच्या नावामागे चिकटवलेलं बिरूद: ‘आंतरराष्ट्रीय स्वातंत्र्यसेनानी कालकथित नथू उबाळे’. नथूबाबा म्हणजे माझ्या सासूचे वडील. जन्मभर आमच्या शेणवे गावात भात लावला, रस्त्याच्या कामावर खडी फोडली, ग्रामपंचायतीच्या सभेतसुद्धा कधी तोंड उघडलं नाही. त्यांना मरणानंतर पंचवीसेक वर्षांनी माझ्या नवऱ्यानं एकदम जगाच्या नकाशावर नेऊन बसवलं.

माझा नवरा सतीश शहापूरला शाळेत इंग्रजी आणि इतिहास शिकवतो. तो खोटारडा नाही, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगते. त्याला फक्त अर्धवट गोष्ट अर्धवट सोडवत नाही. कोपरा रिकामा दिसला की त्यात काहीतरी नेऊन ठेवायचंच, आणि ठेवताना जरा बरं दिसेल असं ठेवायचं. नथूबाबांच्या आयुष्यात असा एक मोठा रिकामा कोपरा होता, जावाचा. दुसऱ्या महायुद्धात ते इंग्रजांच्या फौजेत भरती झाले होते. पोटासाठीच, दुसरं काय? युद्ध संपलं तरी त्यांना घरी न सोडता जावा बेटावर नेलं. तिथून परत आले, आणि त्याबद्दल कोणालाच काही सांगितलं नाही.

नाही म्हणायला एक नाव सांगितलं. आमच्यात माणूस गेल्यावर पुण्यानुमोदन करतात. वंदना म्हणायची, दान द्यायचं आणि त्या पुण्यात गेलेल्या माणसाला वाटेकरी करायचं. नथूबाबांच्या घरात कोणाचंही पुण्यानुमोदन असो, घरच्या मयतांची नावं झाली की शेवटी आणखी एक नाव घ्यायचं: सुगेंग. कोण सुगेंग, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, “जावाला होता.” झालं, पुढे चूप. त्यांच्या मागे माझ्या सासूनं, जानकीबाईंनी, ती रीत चालू ठेवली. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, ह्यांच्या कुळातलंच कोणी जुनं माणूस असेल.

सतीशला लहानपणापासून एक गोष्ट बोचायची. पलीकडे मुरबाड तालुक्यात सिद्धगडावर इंग्रजांशी लढताना माणसं हुतात्मा झाली, आणि त्याच सुमारास आपला आजोबा इंग्रजांची बंदूक खांद्यावर घेऊन निघाला. दर जानेवारीत सिद्धगडच्या पायथ्याशी हुतात्म्यांच्या आठवणीचा कार्यक्रम होतो. त्या कार्यक्रमात गेल्या वेळी सतीशला पाच मिनिटं बोलायला दिली, आणि तिथे त्यानं तो कोपरा भरून टाकला. आजोबा जावात गेले, तिथले लोक डचांच्या जुलमाविरुद्ध उठलेले पाहिले, इंग्रजांची बाजू सोडली आणि सुगेंग नावाच्या मित्राबरोबर इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यासाठी लढले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुतण्या पंकजनं ते इंटरनेटवर टाकलं, सतीशनं हौसेनं खाली इंग्रजीत मजकूर लिहिला, आणि आठ महिन्यांनी सुराबाया शहरातून एका निवृत्त शिक्षकाचं उत्तर आलं. माझ्या आईचा भाऊ सुगेंग त्याच दिवसांत नाहीसा झाला, मी तुमच्याकडे येऊ का?

सतीश घरभर नाचत होता. मग बॅनर आला आणि माझ्या सासूनं आम्हा दोघांना आत बोलावलं.

ती खाटेवर बसली होती. म्हणाली, “तो फलक लावू नका. बाबा कोणाच्या बाजूला गेला नाय. बाबानं त्याला मारला.”

नथूबाबांनी हे फक्त तिला सांगितलं होतं. त्यालाही कारण होतं. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून घरात, विहारात सगळे पंचशील म्हणायचे. बाबा पहिलं शील म्हणायचे नाहीत. जीवहिंसा करणार नाही, हे ते पहिलं. त्या वेळी ओठ मिटून उभे राहायचे आणि दुसऱ्या शीलापासून सगळ्यांच्या सुरात मिसळायचे. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला सुरुवात सापडत नाही. शेजारी उभ्या राहणाऱ्या लेकीनं एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी सांगून टाकलं. सुराबायाच्या रस्त्यांवर लढाई पेटली होती, बाबांच्या ट्रकवरची माणसं त्यांच्या डोळ्यांदेखत कापली गेली होती. मग बंदुका थांबवा असा हुकूम आला. दुसऱ्या दिवशी दुपारी एक तरणा पोरगा दोन्ही हात वर करून त्यांच्याकडे चालत आला. काहीतरी सांगत होता. बाबांना एक अक्षर कळेना. मग त्यानं एक हात खाली घेतला, छातीवर ठेवला आणि नाव सांगितलं. सुगेंग, सुगेंग. बाबांना वाटलं, सदऱ्यात काहीतरी आहे. त्यांनी गोळी घातली. सदऱ्यात काही नव्हतं.

सतीश खाटेच्या कडेला बसला. मग म्हणाला, “आई, त्या माणसाचं तिकीट काढून झालंय. आता हे सांगून काय मिळणार? त्याच्या घरच्यांना बरं वाटतंय तर वाटू दे की.”

मीही त्याचीच री ओढली. का ओढली, ते मला नेमकं ठाऊक आहे. पाहुण्यांसमोर विहारात बाबांचं पुण्यानुमोदन ठरलं होतं, निमंत्रणं गेली होती. माझ्या माहेरची माणसं येणार होती. मी ज्या औषधाच्या दुकानात कामाला आहे, तिथल्या मालकांनाही मी मोठ्या तोंडानं सांगून बसले होते. सासू म्हणाली, “तुमी शिकलेले, तुमी बगा.” आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. आम्ही बॅनर लावला.

पाहुण्यांचं नाव हरियोनो. साठीचे, बुटके, मृदू बोलणारे. आम्ही त्यांना शहापूरच्या नाक्यावरून गाडीत घेतलं. नोव्हेंबर होता, शेतांमध्ये झोडणी चाललेली. ते काच खाली करून कापून रचलेल्या भाताच्या उडव्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, अगदी आमच्यासारखं आहे. त्यांचं इंग्रजी सावकाश होतं, त्यामुळे मला सगळं समजत होतं. मी बी.ए.ला इंग्रजीच घेतलं होतं, सतीशला त्याचा सोयीनं विसर पडतो.

वाटेत ते त्यांच्या देशाबद्दल बोलत होते. पिढ्यानपिढ्या डचांचं राज्य. मग बेचाळीस साली जपानी आले. आम्ही तुमचे भाऊ, असं म्हणत आले आणि माणसं वेठीला धरून नेली. हरियोनोंचे आजोबा, म्हणजे सुगेंगचे वडील, त्या वेठबिगारीतून परत आलेच नाहीत. पंचेचाळीसच्या ऑगस्टमध्ये जपान हरला आणि दोनच दिवसांत ह्यांच्या पुढाऱ्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. सुराबायात पोरांनी एका हॉटेलच्या गच्चीवर चढून डचांच्या झेंड्याचा निळा पट्टा फाडून टाकला. उरला लाल आणि पांढरा, तोच ह्यांचा झेंडा.

“सुगेंग खाली गर्दीत होता. घरी आला तेव्हा ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला होता,” हरियोनो म्हणाले. “माझी आई तेव्हा बारा वर्षांची. ती त्याला चिडवत होती.”

आणि मग ऑक्टोबरात इंग्रजांची जहाजं लागली. आम्ही फक्त जपान्यांची शस्त्रं काढून घ्यायला आणि कैदी सोडवायला आलोय, असं ते म्हणत होते. पण त्यांच्यामागून डच परत येणार हे पोराटोरांनाही कळत होतं. विमानांतून पत्रकं पडली, हत्यारं खाली ठेवा. लोकांनी ठेवली नाहीत. जहाजांवरून उतरलेले शिपाई मात्र बहुतेक आपले, हिंदी. “ते गरीब लोक होते,” हरियोनो म्हणाले. आम्हाला वाईट वाटू नये म्हणूनच म्हणाले असावेत. “त्यांचा स्वतःचा देशही अजून स्वतंत्र नव्हता. काही जण आमच्या बाजूला आले. त्यातली थोडीच नावं आम्हाला माहीत आहेत. म्हणून तुमचे आजोबा आमच्यासाठी एवढे मोठे.”

सतीश गाडी चालवत होता. त्याचा कान लाल झालेला मला मागून दिसत होता.

नोव्हेंबरच्या दहा तारखेपासून त्यांचं शहर तीन आठवडे तोफांखाली होतं. त्यानंतरही डच आलेच, आणखी चार वर्षं लढाया, वाटाघाटी, पुन्हा लढाया, आणि एकोणपन्नासच्या अखेरीस कुठे डचांनी ह्यांचं स्वातंत्र्य मान्य केलं. “पण मधल्या काळात आम्ही तुम्हाला तांदूळ पाठवला,” हरियोनो हसून म्हणाले. “सेहेचाळीस साली. तुमच्याकडे टंचाई होती. आमच्याकडे बाकी काही नव्हतं, तांदूळ होता.”

मला गाडीतून उतरून चालत जावंसं वाटलं. एका वर्षी आपला माणूस जाऊन त्यांच्या पोराच्या छातीत गोळी घालतो, आणि पुढच्या वर्षी ते आपल्याला तांदूळ देतात, आणि आपण त्यांना काय देतोय? तर बॅनर.

शेवटी मी धीर करून विचारलं, “हा तोच सुगेंग कशावरून?”

“कशावरूनच नाही,” ते म्हणाले. “आमच्याकडे सुगेंग गल्लोगल्ली सापडतात. आईलाही ते ठाऊक आहे. पण कोणाच्याही तोंडी त्या दिवसांतल्या सुगेंगचं नाव दुसरीकडे कुठे मिळालं नाही. त्याच्याजवळ शेवटी कोणी होतं का, एवढंच तिला विचारायचंय. ती आता ब्याण्णवची आहे. तिचा संध्याकाळी फोन येईल.”

विहार भरलेला होता. बायका पांढऱ्या साड्यांत, पोरं मोबाइल उंच धरून. हरियोनो दारात चपला काढून आत आले आणि बॅनरसमोर थांबले. त्यावरचं अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी बॅनरला हात जोडले. शेजारच्या भिमीनं माझ्या कानात सांगितलं, “काय गो नशीब तुमचं.”

वाल्मिकदादा आमचे बौद्धाचार्य. त्यांनी वंदना सुरू केली. सगळे उभे राहिले. सासू माझ्या शेजारी होती, हात जोडलेले, डोळे मिटलेले. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं आलं. खोटं बोलणार नाही, हे ते चौथं. सासूचा आवाज थांबला. मी तिच्याकडे बघितलं तर तिनं ओठ घट्ट मिटून घेतले होते. मीही म्हणायची थांबले. पाचवं शील संपलं आणि सगळे बसायला लागले, पण ती बसली नाही.

“वाल्मिक, जरा थांब,” ती म्हणाली. “पाव्हण्याला मला कायतरी सांगायचंय. बाबाच्या मागं हे पोटात ठेवून बसले, आता नाय जमत. सतीश, तू त्याला इंग्रजीत सांग.”

सतीश उठून तिच्याजवळ गेला. “आई, नंतर बोल.”

“आत्ताच.” आणि ती थेट हरियोनोंकडे बघून बोलू लागली. “माजा बा तुमच्या बाजूला गेला नव्हता. तुमचा सुगेंग हात वर करून आला होता. त्यानं आपलं नाव सांगलं. बाबाला कळलं नाय. बाबानं त्याला गोळी घातली. म्हणून आमी त्याचं नाव घेतो. दोस्त होता म्हणून नाय.”

सतीश पाहुण्यांकडे वळून इंग्रजीत बोलला. तो काय बोलला ते मी शब्दन् शब्द ऐकलं. तो म्हणाला, “माझी आई सांगते, सुगेंग शेवटपर्यंत शूर होता. माझे आजोबा त्याच्याजवळ होते. त्यांनी त्याचं नाव कधी विसरू दिलं नाही.”

हरियोनोंच्या चेहऱ्यावर हसू आलं. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू. त्यांनी पुढे येऊन माझ्या सासूचे दोन्ही हात धरले आणि आपल्या कपाळाला लावले.

सासूनं हात सोडवून घेतले. तिनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग सतीशकडे.

“तू काय सांगलंस त्याला?” ती म्हणाली. “माज्या बापानं त्याचा माणूस मारला असं मी सांगते, नि तो हसतो कसा? कोण हसेल असं?”

सतीश खाली बघत उभा राहिला. चाळीस पोरांना एका आवाजात गप्प करणारा माणूस, आता शर्टाचं बटण चाचपत होता. मला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी दयाही आली. शरम मात्र माझी मलाच वाटत होती, कारण दोन मिनिटांपूर्वी त्याचं खोटं ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हो, वाटलं होतं. चला, निभावलं, असंच मनात आलं होतं.

“मेघा,” सासू म्हणाली, “तुला येतं ना ते इंग्रजी?”

मी उठले. माझं इंग्रजी पुस्तकातलं, गाडीतला तो एक प्रश्न सोडला तर कधी तोंडानं बोललेलं नाही. त्यामुळे शब्द मऊ करून सांगायची सोयच नव्हती. जे होतं ते सांगितलं. हात वर. छातीवर हात. नाव. गोळी. सदऱ्यात काही नव्हतं. आणि हे आम्हाला गेल्या आठवड्यापासून ठाऊक होतं, तरी आम्ही तुम्हाला येऊ दिलं, हेही सांगितलं.

हरियोनोंनी मला मध्येच थांबवून एकच विचारलं, “नाव त्यानं स्वतः सांगितलं?”

“हो. दोनदा.”

ते बाहेर गेले आणि विहाराच्या पायरीवर बसले. आतली माणसं एकेक करून उठली. कोणी जेवायला थांबलं नाही. पाहुणे मुसलमान म्हणून हलाल कोंबडी मुद्दाम शहापूरहून आणून शिजवली होती, ती तशीच टोपात राहिली. पंकजनं कोणी न सांगता बॅनर सोडून गुंडाळला. सतीश पायरीपर्यंत गेला, तिथे उभा राहून “सॉरी सर” म्हणाला, आणि ते वर न बघता म्हणाले, “मी आईला काय सांगू ते मला ठरवू द्या.”

त्यांना ठरवायला वेळ मिळालाच नाही. ते आमच्या घरी सामान घ्यायला आले आणि फोन वाजला. त्यांची आई होती. फोनच्या काचेवर सुरकुतलेला चेहरा, डोक्यावर फुलाफुलांचा रुमाल. ती उत्सुकतेनं काहीतरी विचारत होती. त्यांनी आमच्याकडे एकदा बघितलं, ओटीवरच्या खुर्चीत बसले आणि तिला त्यांच्या भाषेत सांगू लागले. ते कुठल्या वाक्यापर्यंत आलेत हे आम्हाला भाषा न कळताही तिच्या चेहऱ्यावरून समजत होतं. सुगेंग हे नाव दोनदा ऐकू आलं. तिनं डोळे मिटले.

मग तिनं माझ्या सासूला बोलावलं. हरियोनोंनी फोन सासूसमोर धरला. म्हातारी बोलायची, ते इंग्रजीत सांगायचे, मी मराठीत.

“तुमचे वडील तेव्हा केवढे होते?”

“विशीचे असतील,” सासू म्हणाली.

“सुगेंग एकोणीसचा होता. परत गेल्यावर त्यांनी लग्न केलं?”

“केलं.”

“मुलं झाली?”

“चार. मी थोरली.”

“नातवंडं बघितली?”

“नातवंडं बघितली. पतवंडाचं तोंडपण बगून गेला.” उत्तरागणिक सासूचा आवाज खाली खाली जात होता. म्हातारी साधं चौकशी केल्यासारखं विचारत होती, त्यात राग कुठे दिसत नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. सासू पदरानं तोंड पुसत म्हणाली, “मेघा, तिला सांग, बाबाला कधी सुखाची झोप लागली नाय.”

मी सांगितलं. म्हातारीनं ते ऐकलं आणि बाजूला ठेवलं. मग ती काहीतरी बोलली. हरियोनो थबकले. त्यांनी तिला पुन्हा विचारून खात्री करून घेतली आणि मग मला सांगितलं.

“ती म्हणते, सुगेंग म्हातारा झाला असता तर कसा दिसला असता, ते मला कधीच डोळ्यांसमोर आणता आलं नाही. त्याच्या वयाचा माणूस म्हातारा झालेला मला बघायचाय. तुमच्या वडिलांचा म्हातारपणाचा फोटो आहे का?”

सासू आत गेली. भिंतीवरून बाबांचा फोटो काढला, त्याचा हार बाजूला ठेवला, काच पदरानं पुसली. बाहेर येऊन तिनं तो दोन्ही हातांनी फोनसमोर धरला. पांढरे विरळ केस, बसलेली गालफडं, अंगात इस्त्री केलेला सदरा.

म्हातारी चेहरा अगदी जवळ आणून बघत राहिली. हरियोनोंनी तिला काहीतरी विचारलं, बहुधा पुरे का म्हणून. तिनं मान हलवली.

“अजून धरा, म्हणतेय,” ते म्हणाले.

सासू धरून उभी राहिली. फोटो खाली झुकायला लागला, तेव्हा मी तो घ्यायला पुढे झाले. तिनं मला कोपरानं मागे सारलं.